मुलांसोबत बघायला पिक्चर आणि व्हिडिओ कसे निवडायचे

जेवणं उरकून सगळे टीव्हीसमोर बसले आणि मग काय लावायचं ते शोधायला लागलं की गडबड होतेच, पोरांना एक हवं असतं, आजीला दुसरं, अर्धा तास नुसतं वरखाली करण्यात जातो आणि शेवटी जे पहिलं दिसतंय तेच लागतं. त्यामुळे पहिली पायरी म्हणजे पिक्चर आधीच ठरवायचा, मुलं समोर नसताना. तीन-चार नावं फोनमध्ये लिहून ठेवा आणि शनिवारी त्यातलं एक मुलांना निवडू द्या. त्यांनी निवडलेलं असतं म्हणून रडारड होत नाही.

नाव सापडलं की सर्टिफिकेट बघा. सेन्सॉर बोर्डाचं यू, यूए, ए सगळ्यांना माहितीये, पण २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात बदल झाला आणि यूएचे तीन प्रकार झाले, यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. त्यामुळे आता नुसतं "यूए आहे, चालतंय की" म्हणून भागत नाही, पुढचा आकडा बघायलाच हवा. आणि हे नीट लक्षात घ्या, ए असेल तर १८ च्या आतल्या मुलांना थेटरवाले आत सोडू शकत नाहीत, पण यूएचा आकडा हा आईवडिलांसाठी सल्ला आहे. तुम्ही नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन यूए १६+ ला गेलात तर कायदा दारावर अडवत नाही, ते आपल्यावर सोडलंय.

ओटीटीचं, म्हणजे नेटफ्लिक्ससारख्या इंटरनेटवरच्या ॲपचं, वेगळं आहे. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तिथे प्लॅटफॉर्मवालेच वयोगट ठरवतात, पण सोबत कारणही द्यावं लागतं, म्हणजे हिंसा, शिवीगाळ, नशा वगैरे. सुरुवातीला कोपऱ्यात बारीक अक्षरात येतं ते आणि आपण नेमके तेव्हा पाणी आणायला उठलेलो असतो. ती ओळ वाचा, वयाच्या आकड्यापेक्षा ती जास्त कामाची आहे, कारण एक १३+ दोन-चार शिव्यांमुळे असतो आणि दुसरा रक्तामुळे, आणि तुमच्या मुलाला यातलं काय झेपतं ते तुम्हालाच माहीत.

आता यू म्हणजे लहान मुलांचा पिक्चर असं नाही हं. यू एवढंच सांगतं की सगळ्यांनी बघायला हरकत नाही, मुलाला तो कळेल का, सोसेल का हे त्यात कुठेच नसतं. तसंच पोस्टरवर लहान मूल दिसलं म्हणजे बालचित्रपट होत नाही. २००४ चा 'श्वास' घ्या, कॅन्सरमुळे लहानग्याची दृष्टी जाणार असते आणि आजोबांना ते त्याला सांगायचं असतं. फार मोठा पिक्चर, भारताकडून ऑस्करला गेलेला, बारा-तेराच्या मुलासोबत जरूर बघा, पण पाच वर्षांचं पोर त्या रात्री "माझे पण डोळे जाणार का" असं विचारेल. 'एलिझाबेथ एकादशी'मध्ये पण घरावर संकट आहे, पैशाची ओढाताण आहे, पण पंढरपूरची ती पोरं स्वतः काहीतरी खटपट करत राहतात म्हणून लहान मुलं त्यात रमतात. त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळालाय.

म्हणून पुढची पायरी, स्वतः आधी बघा. पूर्ण वेळ नसेल तर पहिली वीस मिनिटं, मधला भाग आणि शेवट पळवत पळवत. ट्रेलरवर जाऊ नका, ट्रेलरमध्ये गाणी आणि जोक असतात. आई किंवा बाबा मरतात का, कुत्र्या-मांजराचं काही होतं का, अंधारात अचानक किंचाळणं आहे का, एवढं तरी तपासा. आणि एक गोष्ट मला मारामारीपेक्षा जास्त खटकते ती म्हणजे जाड्या मुलावर, काळ्या रंगावर, तोतरं बोलण्यावर केलेले विनोद. याची सूचना कुठल्याच कोपऱ्यात येईल याचा भरवसा नाही, घरातले सगळे हसतात, पोरगं पण हसतं आणि सोमवारी वर्गातल्या एखाद्या मुलाला तेच चिडवतं. असं काही दिसलं तर मी तो पिक्चर सरळ बाजूला ठेवते, कितीही गाजलेला असू दे.

व्हिडिओंची निवड जास्त कठीण, कारण पिक्चर संपतो पण यूट्यूब संपत नाही. आधी ऑटोप्ले बंद करा. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स घ्या, त्यात वयाप्रमाणे गट आहेत, शोध बंद करता येतो आणि तुम्ही निवडलेलेच चॅनल दिसतील अशीही सोय आहे, सहा-सात वर्षांपर्यंत मी तरी तीच सुचवेन. व्हिडिओवर 'मुलांसाठी बनवलेला' असं लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका, ते बहुतेक वेळा बनवणाराच ठरवतो आणि ते मुख्यतः जाहिराती आणि मुलांची माहिती गोळा करण्याच्या नियमांसाठी आहे, व्हिडिओ चांगला असल्याची ती खूण नाही. ओळखीच्या कार्टूनचे चेहरे लावून भलतंच दाखवणारे व्हिडिओ २०१७ च्या सुमारास जगभर गाजले होते, तेव्हा नुसतं चित्र बघून फोन हातात देऊ नका. ही सेटिंग आजी-आजोबांच्या फोनमध्येही करा, दुपारी बहुतेक तोच फोन मुलांच्या हातात असतो. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर निवडायचा प्रश्नच नाही, बालरोगतज्ज्ञ सांगतात तसं स्क्रीन नकोच, आणि दोन ते पाचपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त तासभर.

ओटीटीवर मुलांचं वेगळं प्रोफाइल बनवलं की काम झालं असं वाटतं, पण मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन टाकला नसेल तर पोरं आईच्या फोटोवर क्लिक करून आत जातात. पिन टाका आणि तो मुलाची जन्मतारीख ठेवू नका.

बघताना शेजारी बसा. मुलाने उशी तोंडावर घेतली, एकदम गप्प झालं, सारखं शू-पाण्याला उठायला लागलं तर थांबवा आणि विचारा, "पुढे बघायचंय का?" नको म्हणालं तर बंद, थेटरात असाल तर सरळ बाहेर या, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

मित्राच्या घरी किंवा मामाकडे सुट्टीला जातात तेव्हा तिथल्या मोठ्यांशी आधीच बोलून घ्या, "वहिनी, आमच्याकडे अजून १३+ लावत नाही, तेवढं बघाल का?" असं सरळ सांगितलं की कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट बऱ्याचदा त्यांनाही हेच बोलायचं असतं.