दगडाचे दात घासताना

"काय भाऊ, दगडाचे दात घासून राहिले का?" कन्हान नदीच्या काठावर म्हशी धुवायला आलेल्या काकांनी विचारलं, तेव्हा माझ्या हातात खरोखरच जुना टूथब्रश होता. शेवाळावरून नदीचं प्रदूषण ओळखायच्या एमएस्सीच्या प्रकल्पासाठी दगडावरचं बुळबुळीत, तपकिरी शेवाळ खरवडत होतो. ते बहुतेक डायटम, म्हणजे सिलिकेच्या कवचातले एकपेशीय जीव.

या कामात नवीन येणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो: पाणीच तपासा ना, शेवाळ कशाला? बाटलीतलं पाणी फक्त त्या घटकेचं सांगतं. बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खातं ते, काढायला आपल्याकडे 27 अंशांवर 3 दिवस नमुना ठेवतात, पण रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळी पुढे निघून गेलं असेल तर त्या चाचणीला ते कळणार कसं? दगडावरचं शेवाळ मात्र तिथंच चिकटून असतं आणि वरून येईल ते सगळं सोसतं.

सुरुवातीला पामर या शेवाळतज्ज्ञाचा 1969चा निर्देशांक हाताशी ठेवा. सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या 20 प्रजातींना (म्हणजे जीनसना, एकेका जातीला नव्हे) त्याने 1 ते 5 गुण दिलेत. ऑसिलेटोरिया आणि युग्लिना 5, सेनेडेस्मस 4, नॅव्हिक्युला आणि निट्शिया 3. एवढ्या पाचच सापडल्या तरी बेरीज 20 होते, आणि 20 किंवा त्यापुढे गेलं की सेंद्रिय प्रदूषण जास्त असं धरतात. 15 ते 19 म्हणजे तशी शक्यता. नाग नदीवर नागपूर शहर ओलांडल्यावर घेतलेल्या नमुन्यात ही बेरीज करताना मला फार वेळ लागला नाही. तिथं वासच आधी सांगतो.

पण याच बेरजेने मला एकदा तोंडघशी पाडलं. जुलैत दोन दिवस धो धो पाऊस झाला, तिसऱ्या दिवशी मी त्याच जागी गेलो आणि गुण निम्म्यावर आले. मी खूश, नदी सुधारली! मार्गदर्शक बाईंनी एकच विचारलं, "पूर कधी ओसरला?" दगड घासून निघाले होते, शेवाळच उरलं नव्हतं. पुरानंतर नवा थर बसायला काही आठवडे द्यावे लागतात. म्हणून माझ्या वहीत पहिला रकाना आता 'शेवटचा पाऊस' हा असतो, तापमान नंतर.

दुसरी चूक जास्त महागात पडली. सगळ्याच बाटल्यांत मी लुगॉलचं आयोडिन टाकलं, कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंत. नमुने टिकले, पण हिरव्या शेवाळांतला स्टार्च काळपट झाला, मूळ रंग गेले. युग्लिनाचा लाल डोळ्यासारखा ठिपका जिवंत नमुन्यातच नीट दिसतो. एक बाटली कशाचंही मिश्रण न करता थंड ठेवा आणि त्याच दिवशी बघा. मे महिन्यात नागपुरात गाडीच्या डिकीत ठेवलेलं पाणी कॉलेजात पोचेपर्यंत काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

डायटम ओळखायचे तर आम्लाने साफ करून कवचं पाहावी लागतात. त्यात एक गोम आहे: साफ केलेलं कवच जिवंत पेशीचं होतं की वरून वाहत आलेलं रिकामं, ते कळत नाही. म्हणून साफ करण्याआधीच एक स्लाइड बघून आत हिरवट-तपकिरी काही आहे का, ते मोजून ठेवतो.

ब्रश मात्र दर जागेला नवा. एक घासलेला तिथंच फेकायचा मोह होतो, पण काका बघत असतात.