टबभोवतीच्या भिंतींना टाइल्स कशा लावाव्यात

टबाशेजारच्या टाइल्स सुटल्या किंवा खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली, तर दोष टाइलचा क्वचितच असतो. सांध्यांतल्या सिमेंट ग्राउटमधून पाणी थोडंथोडं मुरतंच. ते अडवायचं टाइलच्या मागे, गिलाव्यावर.

सामानाचा हिशोब असा: १७०० × ७५० मिमीचा टब तीन बाजूंनी भिंतीला टेकलेला असेल आणि टाइल्स जमिनीपासून ७ फुटांपर्यंत न्यायच्या असतील, तर टबाच्या काठावर साधारण ५ चौरस मीटर भिंत उरते. ३०० × ६०० मिमीच्या २८ टाइल्स लागतात. तुटफूट धरून ३२ घ्या. सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेड एकच आहे ना, ते दुकानातच पाहा. २० किलोच्या अ‍ॅडेसिव्हच्या दोन गोण्या आणि २ मिमी सांध्यांसाठी १ किलो ग्राउट पुरतो. व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर अ‍ॅडेसिव्ह आयएस १५४७७ या भारतीय मानकाप्रमाणे किमान टाइप २ हवं. पाणी जवळजवळ न शोषणाऱ्या या टाइल्सना नुसतं सिमेंट धरत नाही.

पाइपलाइनला प्रेशर देऊन गळती तपासल्याशिवाय भिंतीला हात लावू नका. डायव्हर्टरची (पाणी नळाकडे की शॉवरकडे, हे ठरवणाऱ्या भिंतीतल्या व्हॉल्व्हची) खोली ठरवताना गिलावा, अ‍ॅडेसिव्ह आणि टाइल यांची जाडी एकत्र धरा. मग ओळंबा आणि लांब सरळ पट्टी लावून भिंत पाहा. पट्टीमागे ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर ती गिलाव्यानेच भरा. अ‍ॅडेसिव्हचा थर वाढवून भिंत सरळ करायला गेलं की टाइल्स खाली घसरतात.

आता वॉटरप्रूफिंग. कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती फायबरची जाळी चिकटवा. सिमेंट-पॉलिमर कोटिंगचे दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. पहिला सुकल्यावरच दुसरा. टबाच्या काठाखालपासून शॉवरच्या वरपर्यंत भिंत झाकली गेली पाहिजे. एक-दोन दिवस वाळू द्या.

टबाचा काठ पाणसळीत असतो असं गृहीत धरू नका. काठाचा सर्वांत खालचा बिंदू शोधा, तिथून वर, एका टाइलच्या उंचीपेक्षा किंचित कमी अंतरावर पाणसळ रेष मारा आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी धरा. पट्टी भिंतीत ठोकू नका, खिळ्यांनी कोटिंगला भोकं पडतील. टबावर जाड पुठ्ठा अंथरून खालून टेकू द्या. दुसरी ओळ या पट्टीवरून सुरू होते. पहिली ओळ शेवटी, काठाच्या मापाने कापून बसवायची आणि काठाशी ३ ते ५ मिमी फट ठेवायची.

अ‍ॅडेसिव्ह कालवल्यावर पाच मिनिटं ठेवा आणि पुन्हा ढवळा. पंधरा मिनिटांत संपेल इतक्याच भागावर लावून दातेरी थापीने आडव्या रेघा ओढा. टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवा. टाइल्स पाण्यात भिजवायची जुनी सवय इथे उपयोगाची नाही. ती सिमेंटच्या कामाची. पाठीला पाच ठिपके देऊन टाइल चिकटवणारा मिस्त्री असेल तर त्याला तिथेच थांबवा. ठिपक्यांमधल्या पोकळीत पाणी साठतं आणि शेल्फसाठी ड्रिल लावताच टाइल तडकते. अधूनमधून ताजी बसवलेली एखादी टाइल काढून पाठ पाहा: निदान ९५ टक्के भाग माखलेला हवा. नळाचं भोक डायमंड होलसॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडा. ग्राइंडरने चौकोन कापला तर त्याच्या कोपऱ्यापासून चीर धावते.

२४ तासांनी सांध्यांत ग्राउट भरा, पण उभ्या कोपऱ्यांत आणि टबाच्या काठाशी नको. तिथे बुरशीरोधक सिलिकॉन लागतं. टब पाण्याने आणि माणसाच्या वजनाने किंचित खाली दबतो आणि ताठ ग्राउट तिथे पहिल्या काही आठवड्यांतच सुटतो. म्हणून सिलिकॉन भरण्यापूर्वी टब पाण्याने काठोकाठ भरा, फट कोरडी पुसा, सिलिकॉन भरा आणि पाणी २४ तास तसंच राहू द्या. टब रिकामा असताना भरलेलं सिलिकॉन पहिल्याच आंघोळीला ताणलं जातं.