स्वतःच्या पौगंडवयावर ग्राफिक नॉव्हेल काढताना या चुका टाळा

सांगलीतल्या माझ्या बारा ते सतरा या वयावर मी गेली तीन वर्षे ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून सांगितलेली कादंबरी, काढते आहे. या काळात शंभरावर पाने बाद करावी लागली, आणि त्यांतली बहुतेक हात कच्चा होता म्हणून नव्हे, तर वेळीच कोणी सांगितले असते तर टळल्या असत्या अशा चुकांमुळे.

सर्वांत महागात पडलेली चूक निवेदनाची होती. 2005 च्या पुरात आम्ही मिरजेला आत्याकडे राहायला गेलो आणि त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा पाळी आली. पहिल्या खर्ड्यात त्या चित्रावर मी ‘त्या दिवशी माझे बालपण संपले’ अशी निवेदनाची पट्टी लिहिली होती. वाक्य खोटे होते, कारण तेव्हा मला एवढीच धास्ती होती की आत्याच्या चादरीला डाग लागला आहे आणि धुवायला घरात पुरेसे पाणी नाही. आता त्या पानावर एकही शब्द नाही. अर्धी भरलेली बादली, तिच्यात बुडवलेला चादरीचा कोपरा आणि दाराच्या फटीतून दिसणारी आत्याची पावले एवढेच आहे. निवेदनाची पट्टी बोटाने झाकून पान वाचावे. तरीही ते कळत असेल तर पट्टी काढून टाकावी, कळत नसेल तर आधी चित्र सुधारावे.

याच प्रसंगात दुसरी चूक लपलेली होती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेले की इशारा आणि 45 फुटांवर गेले की धोका, हे सांगलीत पोराटोरांनाही पाठ असते, त्यामुळे मी पूल आणि पाणी यांवरच अकरा पाने खर्च केली आणि तेवढ्यात गोष्टीतली मुलगी कुठल्या कुठे हरवली. आता पाण्याचा आकडा फक्त वडिलांच्या फोनवरच्या बोलण्यातून येतो, आणि तो ऐकताना ती न्हाणीघरात कपडा पिळत असते.

पाच वर्षे एकच चेहरा, एकच बांधा काढणे ही चूक सरावलेल्या हातांकडूनही होते. या वयात हातपाय आधी लांबतात, धड मागून वाढते. म्हणून दर इयत्तेचे एक उभे चित्र करून समोर टांगावे.

देवनागरीसाठी संवादाचा फुगा आधी काढून मजकूर नंतर कोंबू नये. वेलांट्या, मात्रा आणि उकार यांना ओळीच्या वर-खाली जागा लागते, म्हणून संवाद आधी लिहावा आणि फुगा त्याच्याभोवती काढावा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात असेल किंवा जोडाक्षरे फुटत असतील, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय, निवडून पाहावा.

शेवटची बाब मला फार जवळची आहे. मैत्रिणीला आलेली चिठ्ठी मी तिला न विचारता काढली होती. नाव बदलले की भागते असे मला वाटत होते, पण आपल्या गावात गल्लीचे वळण आणि वडिलांचे दुकान दिसले की माणूस ओळखू येतो. तिने नको म्हटले आणि ती चार पाने मी काढून टाकली. ज्यांचे गुपित तुमच्या गोष्टीत येते, त्यांना पान पेन्सिलीत असतानाच दाखवावे. शाई चढल्यावर विचारले, तर नकार देणे त्यांना आणि तो ऐकणे आपल्याला, दोन्ही जड जाते.