यूपीएसच्या बॅटरीत किती वीज आहे? बल्ब लावून मोजा

वीज गेल्यावर कॉम्प्युटर काही मिनिटं चालू ठेवणाऱ्या ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, किती लोड पेलेल त्याचं माप) यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ एएचची (अँपिअर-तासांची) एकच बॅटरी असते. गुणाकार केला की ८४ वॉट-तास, म्हणजे ८४ वॉट तासभर. पण हा आकडा बॅटरी २० तास सावकाश रिकामी केली तरच मिळतो. घाई केली की ती हात आखडते.

साहित्य थोडंच: ६० वॉटचा एक आणि १०० वॉटचे दोन साधे पिवळे बल्ब, ९ वॉटचा एलईडी, होल्डर बसवलेला बोर्ड, घड्याळ. कॉम्प्युटर काढून ठेवा आणि यूपीएस रात्रभर चार्जिंगला लावा. वीज घालवताना पिन उपटू नका, भिंतीवरचं बटण बंद करा. पिन उपटली की अर्थिंगही सुटतं.

आधी ६०चा बल्ब. यूपीएसचं सर्किट वाटेत साधारण २० टक्के खातं, म्हणजे बॅटरीतून ७५ वॉट जातात. हिशेबाने ६७ मिनिटं चालायला हवं. नवी बॅटरी ४० मिनिटांच्या आसपास मान टाकते. पुन्हा रात्रभर चार्ज करून १००चे दोन्ही बल्ब लावा. हिशेब सांगतो २० मिनिटं, मिळतात जेमतेम आठ.

उरलेली वीज कुठे गेली? बहुतेक तिथेच आहे. बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्यांच्या बारीक छिद्रांतलं ॲसिड झपाट्याने वापरलं जातं आणि बाहेरचं तितक्या वेगाने आत पोचत नाही. व्होल्टेज साडेदहाच्या खाली गेलं की यूपीएस बंद. आता पंधरा मिनिटं थांबा, एलईडी लावा आणि यूपीएसचं बटण दाबा. विजेशिवाय सुरू होणारा यूपीएस असेल तर 'संपलेल्या' बॅटरीवर एलईडी लख्ख पेटतो. सगळ्यांत बघण्यासारखा प्रयोग हाच. मुलांना नक्की दाखवा.

मग पूर्ण चार्ज करून नुसता एलईडी लावा. ८४ भागिले ९, म्हणजे नऊ तास? तीन-साडेतीन तासांतच संपतं, कारण बॅकअपवर असताना यूपीएस स्वतःच दहा-बारा वॉट खातो. काही यूपीएस इतका कमी लोड पाहून आपणहून बंदही होतात.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ८७ वॉट-तास लागतात. म्हणजे अख्खी बॅटरी एका पातेल्यालाही पुरत नाही. तेवढ्याच ऊर्जेत ५० किलोची तांदळाची गोणी ६०० मीटर उंच चढली असती! उष्णता किती महाग पडते ते इथे कळतं.

म्हणूनच इस्त्री, किटली, लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉटच. १००चे चार बल्ब लावले तरी ओव्हरलोडचा बीप येतो. टेबलफॅन घुमल्यासारखा आवाज करतो, कारण स्वस्त यूपीएस देतो त्या विजेची लहर चौकोनी असते, घरच्या विजेसारखी गोलसर नसते. मिनिटभर ऐका आणि काढा. बॅकअप वाढवायला इन्व्हर्टरची १५० एएच बॅटरी जोडायचा मोह टाळा. आतला ट्रान्सफॉर्मर काही मिनिटांच्या कामासाठी बनवलेला असतो, तासभर चालला की तापून जळतो. आणि चार्जर इतका लहान की ती बॅटरी भरायला आठवडा जाईल.

बॅटरी तळापर्यंत रिकामी करण्याने तिचं आयुष्य घटतं, म्हणून हे सगळं एकेकदाच करा. प्रयोग झाल्यावर लगेच चार्जिंगला लावा. रिकामी बॅटरी बरेच दिवस तशीच राहिली तर पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ६०चा बल्ब दहा मिनिटंही टिकत नाही.