मॅनेजर का बदलला, हे मालकाला कसे विचारावे: ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या पाठीराख्यांच्या अनुभवावरून

७ मे २०१२ रोजी इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या ईवूड पार्क मैदानावर विगनविरुद्धचा फुटबॉल सामना चालू असताना प्रेक्षकांतून कोणीतरी ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबचा झेंडा अंगावर गुंडाळलेली एक कोंबडी आत सोडली. क्लब पुण्याच्या व्यंकीज समूहाच्या मालकीचा आणि समूहाचा मुख्य व्यवसाय कुक्कुटपालनाचा असल्यामुळे त्या कोंबडीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. रोव्हर्स तो सामना १-० असा हरले आणि ११ वर्षांनी प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतून, बाहेर पडले. कोंबडीची छायाचित्रे जगभर छापून आली. पण संघ चालवणारे स्टीव्ह कीन यांना मॅनेजर म्हणून कोणी निवडले, कोणाच्या सल्ल्याने आणि कोणत्या निकषावर, हा पाठीराखे १७ महिने विचारत असलेला प्रश्न त्या रात्रीही अनुत्तरितच राहिला. आपल्या क्लबच्या मालकाची मॅनेजर निवडण्याची रीत ज्यांना सलते आहे, त्यांनी तो प्रश्न उत्तर टाळता येणार नाही अशा स्वरूपात कसा मांडावा, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

सुरुवात घोषणेने नव्हे, तर नोंदवहीने करावी. मालकी बदलल्या दिवसापासूनच्या प्रत्येक मॅनेजरचे नाव, नेमणुकीची तारीख, जाण्याची तारीख, जाताना संघ कितव्या क्रमांकावर होता, तो काढला गेला की स्वतःहून गेला, आणि त्याच्या जागी नवा माणूस किती दिवसांनी आला, एवढे रकाने पुरेसे आहेत. ही माहिती सार्वजनिक असते आणि एका संध्याकाळी भरून होते.

रोव्हर्सची वही भरून पाहा. व्यंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये सुमारे २.३ कोटी पौंडांना क्लब विकत घेतला. महिनाही उलटला नव्हता, तोच १३ डिसेंबरला सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढण्यात आले. त्या वेळी संघ १३ व्या स्थानी होता आणि आदल्या हंगामात त्यांनी त्याला दहाव्या क्रमांकावर नेले होते. त्यांच्या जागी, कधीही कोणत्या क्लबचे मुख्य मॅनेजर न झालेले स्टीव्ह कीन हे प्रशिक्षक आधी तात्पुरते आणि मग कायमचे बसवले गेले. कीन यांनी सप्टेंबर २०१२ अखेर राजीनामा दिला आणि त्यानंतर महिनाभर खुर्ची रिकामीच होती. ३१ ऑक्टोबरला आलेले हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, जानेवारीत आलेले मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस टिकले, आणि मधल्या व शेवटच्या काळात गॅरी बॉयर यांनी गाडा ओढला. काळजीवाहू म्हणून काम पाहिलेले एरिक ब्लॅक धरले, तर एकाच हंगामात पाच वेगवेगळ्या माणसांनी संघ उतरवला. वहीत हे एकाखाली एक दिसू लागले की ‘मालक उतावळे आहेत’ असे वेगळे म्हणावे लागत नाही.

परंतु वही प्रामाणिकपणे भरली, तर ती आपल्याला गैरसोयीच्याही गोष्टी सांगते आणि त्या खोडता कामा नयेत. बॉयर यांना पुढे अडीच वर्षे मिळाली. टोनी मोब्रे २०१७ मध्ये आले तेव्हा संघ तिसऱ्या श्रेणीत घसरण्याच्या काठावर होता. ५१ गुण असूनही केवळ गोलफरकाने तो घसरला, तरीही मालकांनी मोब्रे यांना ठेवले. पुढच्याच वर्षी ते संघाला परत वर घेऊन आले आणि २०२२ पर्यंत पदावर राहिले. म्हणजे पहिल्या तीन वर्षांचा उतावळेपणा हा या मालकांचा कायमचा स्वभाव होता असे म्हणता येत नाही. त्यापेक्षा ‘स्वतःहून गेला’ हा रकाना अधिक बोलका आहे. पॉल लॅम्बर्ट यांनी २०१६ मध्ये करारातील मुभा वापरून अवघ्या काही महिन्यांत निरोप घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर संघ बढतीच्या शर्यतीत पाचवा असताना जॉन यूस्टेस हे त्याच श्रेणीत तळाशी झगडणाऱ्या डर्बी काउंटीकडे निघून गेले. हकालपट्ट्यांवरून मालकाचा धीर मोजता येतो, तर राजीनाम्यांवरून मालकाने दिलेल्या शब्दाची किंमत. पाठीराखे बहुधा पहिलीच गोष्ट मोजतात.

वारंवार बदल हाच दोष मानण्याची घाईही करू नये. इंग्लंडच्याच वॉटफर्ड क्लबने २०१४-१५ च्या एकाच हंगामात चार मुख्य प्रशिक्षक पाहिले आणि तरीही त्यांना प्रीमियर लीगची बढती मिळाली. आपल्याकडचे उदाहरण इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाचे आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस संघ अव्वल स्थानी असताना सर्जिओ लोबेरा यांना काढले गेले, त्या वेळी गोव्यातल्या चाहत्यांना तो वेडेपणा वाटला, आणि तरीही काही आठवड्यांत क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली संघाने साखळीतले पहिले स्थान राखून त्यासाठी दिली जाणारी शील्ड जिंकली. त्यानंतरच्या हंगामात लोबेरा यांनी मुंबई सिटीला शील्ड आणि करंडक दोन्ही मिळवून दिले, हेही खरे. मालकाने चूक केली होती की नाही, हे अशा वेळी निकालावरून ठरत नाही. निर्णय कसा घेतला गेला हे कळले तरच ठरते.

म्हणून दुसरे काम निर्णय घेणाऱ्याचा शोध घेण्याचे. ‘मालक’ हा शब्द इथे फसवा आहे. रोव्हर्सच्या बाबतीत नोंदणीने मालक असलेली कंपनी, तिच्यामागचे पुण्याचे राव कुटुंब, ब्लॅकबर्नमधले कार्यकारी अधिकारी, जागतिक सल्लागार म्हणून नेमलेले शेबी सिंग आणि खरेदीच्या वेळी सल्ला देणारी खेळाडूंच्या एजंटांची संस्था, एवढी मंडळी सुरुवातीच्या काळात वावरत होती. खरेदीत सल्ला देणारा एजंट आणि कीन यांचा एजंट एकच होता, ही बाब पाठीराख्यांना जास्त झोंबली आणि ते योग्यच होते. कारण त्यात कोणाची लबाडी सिद्ध झाली नाही तरी हितसंबंधांचा गुंता उघड दिसत होता. अ‍ॅपलटन यांच्या हकालपट्टीच्या पत्रावर सही होती ती सिंग यांची.

या गोंधळाची लेखी साक्ष न्यायालयात मिळाली. बर्ग हे १९९५ मध्ये लीग जिंकलेल्या रोव्हर्स संघातले खेळाडू. त्यांच्याशी तीन वर्षांचा करार झाला होता, त्यामुळे ५७ दिवसांनी काढल्यावर उरलेल्या काळाच्या भरपाईचा प्रश्न उभा राहिला. क्लबच्या बाजूने असे मांडले गेले की या अटी मान्य करणाऱ्या कार्यकारी अधिकाऱ्याला तसे अधिकारच नव्हते. २०१३ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने बर्ग यांना सुमारे २२.५ लाख पौंड देण्याचा निकाल दिला. दहा सामने आणि एक विजय यांसाठीची ही रक्कम कोणत्याही घोषणाफलकापेक्षा जास्त सांगून जाते. आपल्या क्लबच्या बाबतीत असा खटला झाला नसेल, तर वार्षिक हिशेब पाहावेत. इंग्लंडमधील क्लब या नोंदणीकृत कंपन्या असतात आणि त्यांचे हिशेब तिथल्या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य उघडता येतात, पुण्यात बसूनही. खाजगी कंपनीला वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत ते दाखल करावे लागतात. त्यांत ‘अपवादात्मक खर्च’ अशा शीर्षकाखाली मॅनेजर आणि त्याच्या सहायकांना दिलेली भरपाई अनेकदा सापडते. तिथेच मालकांनी क्लबला दिलेली कर्जे आणि ओतलेले भांडवलही दिसते, आणि रोव्हर्सचा तोटा मालक वर्षानुवर्षे भरून काढत आले आहेत ही गोष्ट न लपवता आपल्या निवेदनात लिहावी. जो समीक्षक आपल्या विरुद्ध जाणारा आकडाही मांडतो, त्याचे बाकीचे आकडे समोरच्याला झटकता येत नाहीत.

आता मागणी लिहावी. ‘अमुक हटाव’ ही मागणी नव्हे. ती मान्य झाली तर त्याच पद्धतीने आणखी एक माणूस निवडला जातो, आणि ब्लॅकबर्नमध्ये कीन गेल्यावर नेमके तेच झाले. मागणी निवडीच्या पद्धतीविषयी असावी. मॅनेजरची निवड कोण करते, त्या व्यक्तीला फुटबॉलचा कोणता अनुभव आहे, आधीचा मॅनेजर जाण्यापूर्वी पर्यायी नावांची यादी तयार असते का, आणि नेमणुकीत सहभागी असलेल्या एजंटांचे क्लबशी अन्य व्यवहार आहेत का, एवढे चार प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरासाठी मुदत द्यावी.

असे विचारणे म्हणजे अशक्य अपेक्षा ठेवणे नव्हे, हे दाखवण्यासाठी ब्रायटन या इंग्लिश क्लबचे उदाहरण द्यावे. सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सी क्लबने त्यांचे मॅनेजर ग्रॅहम पॉटर नेले आणि दहा दिवसांत रॉबेर्तो दे झेर्बी यांची नेमणूक जाहीर झाली. ब्रेंटफर्डचे उदाहरण तर आणखी उपयोगी आहे, कारण त्यांनी २०१८ मध्ये थॉमस फ्रँक यांना सहायकपदावरूनच वर आणले, म्हणजे वरवर पाहता व्यंकीजने कीन यांच्या बाबतीत केले तेच. फ्रँक यांनी पहिल्या दहापैकी आठ सामने गमावले, तरी त्यांना हात लावला गेला नाही आणि २०२१ मध्ये ते संघाला प्रीमियर लीगमध्ये घेऊन गेले. फरक असा की त्यांना का निवडले आणि किती वेळ द्यायचा, याचे उत्तर क्लबकडे आधीपासून होते. कीन यांच्या बाबतीतले असे उत्तर पाठीराख्यांना कधी ऐकायलाच मिळाले नाही.

निवेदन कोणाच्या हाती द्यायचे हा भाग सोपा आहे. एकट्याने पाठवलेले पत्र बहुधा पोचपावतीवर संपते, म्हणून ते क्लबच्या पाठीराख्यांच्या संघटनेमार्फत पाठवावे आणि क्लब व पाठीराखे यांच्या नियमित बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावावे. इतिवृत्तात प्रश्न आणि उत्तर, किंवा उत्तर न मिळाल्याची नोंद, शब्दशः यायला हवी. २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने इंग्लंडमध्ये स्वतंत्र नियामक आला आहे. त्याचा भर क्लबची आर्थिक स्थिती, मालकाची पात्रता, पाठीराख्यांशी सल्लामसलत आणि क्लबचा वारसा यांवर आहे. मॅनेजर कोण असावा हे तो सांगणार नाही, त्यामुळे त्याच्याकडे ‘आमचा प्रशिक्षक बदला’ असा अर्ज करून आपले हसे करून घेऊ नये. सल्लामसलत होतच नसेल, तर ती तक्रार मात्र त्याच्या कक्षेत बसते.

निदर्शने करू नयेत असे माझे म्हणणे नाही. ती कोणत्या क्षणी आणि कोणाच्या रोखाने होतात, याचा विचार व्हावा. २०११-१२ च्या हंगामात ईवूड पार्कवरचा जवळजवळ सगळा राग मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कीन यांच्यावर निघाला. डिसेंबरमध्ये बोल्टनकडून घरच्या मैदानावर हरताना तर तो असह्य झाला होता. आणि अवघ्या ११ दिवसांनी, ३१ डिसेंबरला, याच संघाने ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडला, तेही अ‍ॅलेक्स फर्ग्युसन या त्यांच्या मॅनेजरच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३-२ असे हरवले. त्या एका विजयाने निदर्शकांच्या मुद्द्यातली हवा काही काळ गेली, कारण मुद्दा मॅनेजरच्या निकालांना बांधलेला होता. तोच निवडीच्या पद्धतीला बांधलेला असता, तर ओल्ड ट्रॅफर्डच्या विजयाने त्याचे काहीच बिघडले नसते. शिवाय कीन यांनी काही स्वतःला नेमले नव्हते.

पुढे रोव्हर्सच्या पाठीराख्यांनी अधिक शहाणा मार्ग शोधला. क्लबचे स्थापनावर्ष १८७५; म्हणून काही जण १८ व्या मिनिटाला आत आले आणि ७५ व्या मिनिटाला उठून गेले. खेळाडूंना शिव्या नाहीत, खेळात अडथळा नाही, आणि रिकाम्या खुर्च्या मात्र चित्रवाणीवर स्पष्ट दिसतात. अशी कल्पना आपल्या क्लबच्या इतिहासातून निघाली पाहिजे. दुसऱ्याची उसनी घेतली की ती फिकी पडते.

मराठी वाचकांसाठी, विशेषतः पुणेकरांसाठी, थोडे वेगळे सांगायला हवे. मालक आपल्या गावचे आहेत म्हणून त्यांची वकिली करायचे कारण नाही. लँकेशायरमधले गाव आणि त्याचा क्लब यांचे नाते काय असते, हे पेठेतल्या गणेश मंडळाचा कार्यकर्ता असलेल्या माणसाला समजायला जड जाऊ नये. तसेच मालकांवरचा राग त्यांच्या देशावर, धर्मावर किंवा कातडीच्या रंगावर घसरू लागला, तर त्याला तिथल्या तिथे अडवणे हे मराठी पाठीराख्याचे काम आहे. पुण्यात राहून काही करायचे असेल, तर समूहाच्या नोंदणीकृत कार्यालयाला, वर सांगितलेल्या चार प्रश्नांचे, सहीचे आणि पोच घेतलेले पत्र द्यावे. कोणाच्या घरावर जाऊ नये, आणि ब्लॅकबर्नचे नावही न ऐकलेल्या हॅचरीतल्या कामगारांना किंवा दुकानदारांना यात ओढू नये.

नवा मॅनेजर जाहीर झाला की त्याच दिवशी, त्याचा पहिला सामना होण्याआधी, वहीत नवी ओळ उघडावी. त्याची ओळख करून देताना क्लबच्या वतीने कोण बोलले, किती वर्षांचा करार सांगितला गेला आणि कोणते उद्दिष्ट जाहीर झाले, हे त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहावे. त्या दिवशी सगळे आनंदात असतात आणि हे शब्द लक्षात ठेवायची गरज कोणालाच वाटत नाही.