छोट्या खोलीतलं होम थिएटर: पॅनल कुठे, किती आणि किती जाड

संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा, मारामारी सुरू झाली की घाईघाईने कमी करायचा, आणि सिनेमाभर रिमोट हातातून खाली ठेवायचा नाही. ही तक्रार असली की दोष बहुतेक वेळा स्पीकरला दिला जातो आणि नवे स्पीकर येतात. खोली तीच राहते, त्यामुळे तक्रारही तीच राहते.

दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे इंचभर जाडीचा टोकदार फोम चारही भिंतींना चिकटवणं. यानं टाळी वाजवल्यावर येणारा ‘ट्रर्र’ जातो, खोली एकदम शांत झाल्यासारखी वाटते आणि काम फत्ते झालं असा समज होतो. प्रत्यक्षात फोमनं फक्त वरचे, बारीक स्वर खाल्लेले असतात. घुमणारा बास होता तसाच राहतो आणि वरचे स्वर गेल्यामुळे आता तोच जास्त ऐकू येतो. खोली मेलेली आणि तरी घुमणारी, अशी दुहेरी पंचाईत. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावण्याबद्दल तर बोलायलाच नको.

कारण साधं आहे. ग्लासवूल, रॉकवूल, फोम, पडदे ही सच्छिद्र द्रव्यं हवेची हालचाल अडवून आवाज जिरवतात. भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही. ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबी दूर. १००० हर्ट्झसाठी हे अंतर ८.६ सेंमी, १०० हर्ट्झसाठी ८६ सेंमी. मग भिंतीला चिकटलेला अडीच सेंमी फोम १०० हर्ट्झचं काय वाकडं करणार? म्हणून पॅनल (असं द्रव्य भरलेल्या, कापड ताणलेल्या चौकटी) किती लावले यापेक्षा ते किती जाड आहेत आणि भिंतीपासून किती सुटे आहेत, हे आधी विचारायचं.

एक खुलासा इथेच करायला हवा. हे सगळं खोलीच्या आतला आवाज सुधारण्यासाठी आहे. शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज यानं थांबत नाही. त्यासाठी वजनदार भिंती, फटी बुजवलेले दरवाजे आणि दुहेरी बांधकाम लागतं.

आधी खुर्ची हलवा

पुढची सगळी गणितं ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच खोलीची आहेत. आपल्या खोलीचे आकडे घालून तीच करायची. ३४३ ला लांबीच्या दुपटीनं भागलं की त्या दिशेचा पहिला अनुनाद, म्हणजे ज्या सुरावर खोली स्वतःच घुमते तो, मिळतो: लांबीचा ४३ हर्ट्झ, रुंदीचा ५७, उंचीचा साधारण ६४. याच्या पटीतही तेच होतं, म्हणजे लांबीचा दुसरा ८६ हर्ट्झवर.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर लांबीचे सगळे अनुनाद तिथे एकदम कमाल दाबाने भेटतात, म्हणून तिथे बास नेहमी फुगलेला लागतो. खोलीच्या बरोबर मध्यावर ४३ हर्ट्झ गायब. मागच्या भिंतीपासून १ मीटरवर ८६ हर्ट्झ गायब. म्हणून ऐकणाऱ्याचं डोकं मागच्या भिंतीपासून १.३ ते १.५ मीटरवर आलं की बरं जमतं. यासाठी एक रुपयाही लागत नाही, आणि नुसतं एवढं केल्यानं जो फरक पडतो तो पुष्कळदा पहिल्या चार पॅनलपेक्षा मोठा असतो. सोफ्याची पाठ कानांपेक्षा उंच असेल, विशेषतः रेक्झिन किंवा चामड्याची, तर त्यावर जाड शाल टाका. कानाच्या इंचभर मागे आरसा असावा तसा आवाज तिथून परततो. समोरचं काचेचं टेबल उचलून बाहेर ठेवलेलंच बरं.

स्पीकरच्या मागची भिंतही एक खड्डा पाडते. स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून ५० सेंमीवर असेल तर ३४३ भागिले अंतराची चौपट, म्हणजे १७२ हर्ट्झच्या आसपास आवाज कापला जातो, आणि पुरुषी आवाजाचा भरदारपणा नेमका तिथेच असतो. छोट्या खोलीत स्पीकर पुढे ओढायला जागा नसते. तेव्हा उलट करा: स्पीकर जमेल तितका मागे सरकवा, म्हणजे खड्डा वरच्या स्वरांत जाईल, आणि त्याच्या मागे १० सेंमी जाड पॅनल लावून तो भरून काढता येईल. मागच्या बाजूला हवेचं तोंड असलेल्या स्पीकरला मात्र थोडी मोकळी जागा सोडावीच लागते.

सबवूफरसाठी जुनी युक्ती अजूनही सर्वांत खात्रीची आहे. सबवूफर उचलून ऐकण्याच्या जागी ठेवा, एकसारखा चालणारा बासचा तुकडा लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा. जिथे प्रत्येक सूर सारख्या जोराचा ऐकू येईल ती सबवूफरची जागा. दोन सबवूफर असतील तर समोरच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर एकेक ठेवून पाहा. लांबीचा ४३ हर्ट्झचा अनुनाद दोघं मिळून मारतात, आणि मध्यावर असल्यामुळे रुंदीचा ५७ चा अनुनाद उठतच नाही.

कोपरे

सगळ्या अनुनादांचा दाब कोपऱ्यांत साठतो, म्हणून पॅनलचा पहिला खर्च कोपऱ्यांवर करायचा. दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग: ६० सेंमी रुंद, १० ते १५ सेंमी जाड पॅनल कोपऱ्यात तिरपा उभा करणं. दोन्ही भिंतींवर तो साधारण ४२-४२ सेंमी जागा घेतो आणि मागे पोकळी राहते. जास्त चांगला मार्ग: पूर्ण कोपरा भरणं. ग्लासवूल किंवा रॉकवूलच्या ६०० × १२०० मिमीच्या, ५० मिमी जाड स्लॅबचे दोन चौकोन करा आणि प्रत्येक चौकोन दोन्ही कर्णांवर कापा. एका स्लॅबमधून आठ त्रिकोण निघतात. २.४ मीटर उंचीला ४८ त्रिकोण, म्हणजे एका कोपऱ्याला ६ स्लॅब.

इथे एक चूक सर्रास होते. जास्त घनतेचं लोकर (ग्लासवूल किंवा रॉकवूल) चांगलं, असं धरून कोपराही ४८ किंवा ६४ किलो प्रति घनमीटरच्या लोकरीनं भरतात. पातळ पॅनलला ती घनता योग्य आहे. इतक्या खोल भरावात मात्र हवा आतपर्यंत शिरायला हवी, म्हणून हलकं, १६ ते २४ किलोचं लोकर घ्या. ते स्वतःच्या वजनानं खाली दबतं. दर ८० सेंमीला पातळ पट्ट्यांची जाळी टाकून आधार द्या, नाहीतर वर्षभरात वरचा हातभर भाग रिकामा दिसेल.

आरसा घेऊन भिंतीवर

आता पहिले परावर्तन-बिंदू. एकानं ऐकण्याच्या जागी बसायचं, दुसऱ्यानं हातभर आरसा बाजूच्या भिंतीला सपाट टेकवून कानाच्या उंचीवर सरकवत न्यायचा. आरशात स्पीकरचा छोटा, वरचे स्वर काढणारा गोल दिसला की तिथे कागदी टेपचा तुकडा. आरसा किंचित तिरका धरला तरी बिंदू वीतभर सरकतो, म्हणून तो भिंतीवर पूर्ण टेकलेला हवा. एकाच भिंतीवर दोन बिंदू मिळतात, जवळच्या स्पीकरचा आणि पलीकडच्याही. स्पीकर भिंतीपासून ६० सेंमी आणि ऐकणारा २ मीटर मागे असेल तर पहिला बिंदू स्पीकरच्या ५७ सेंमी पुढे आणि दुसरा १२३ सेंमी पुढे येतो. दोन्हींमध्ये अंतर ६६ सेंमी. ६० सेंमी रुंदीचे दोन उभे पॅनल शेजारी शेजारी लावले की दोन्ही झाकले जातात. एकच पॅनल लावून पलीकडच्या स्पीकरचा बिंदू उघडा ठेवणं ही नेहमीची चूक.

छतावर हेच करायचं, तिथे दोन पॅनल पुरतात. दोन बाजूंना चार, छतावर दोन, असे सहा झाले.

सहा पॅनल बनवायला

लोकर: ४८ किलो घनतेचं, ६०० × १२०० × ५० मिमीचे ६ स्लॅब. लाकूड: ५० मिमी रुंद, २० मिमी जाड सरळ पट्टी. एका पॅनलला १२४० मिमीच्या दोन आणि ६०० मिमीच्या दोन, म्हणजे ३.६८ मीटर, सहांना २२ मीटर होतं, वाया जाणारं धरून २४ घ्या. कापड: १.५ मीटर पन्ह्याचं साडेपाच मीटर; पन्ह्याच्या दिशेनं पॅनलची लांबी ठेवली तर दर पॅनलला ८५ सेंमी लागतं. शिवाय पातळ न विणलेलं कापड, ६ मिमी प्लायच्या पट्ट्या, ५० मिमी जाडीचे लाकडी ठोकळे, गोंद, स्क्रू आणि स्टेपल गन.

कापड निवडताना ते तोंडाला लावून फुंका. पलीकडच्या तळहाताला वारा लागला तर चालेल. रेक्झिन, प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं पडद्याचं कापड किंवा रंगाचा थर दिलेला कॅनव्हास वरचे स्वर परत फेकतो. ज्वालारोधक कापड मिळालं तर तेच घ्या. पॅकिंगचा साधा फोम आत भरू नका. तो भरभर पेटतो.

चौकट गोंद आणि स्क्रूने जोडा. कापड लावण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे, गोंद ओला असतानाच सरळ करा. मागच्या बाजूला मध्यावर प्लायची आडवी पट्टी मारा, कारण कापड ताणलं की १२४० च्या बाजू आत वाकतात आणि पॅनलला कंबर आल्यासारखी दिसते. लोकर न विणलेल्या कापडात गुंडाळून मग चौकटीत बसवा, म्हणजे तंतू बाहेर गळत नाहीत. हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच कापा. करवतीपेक्षा पाव कापायची लांब दातेरी सुरी चांगली. दाबू नका, नुसती मागे-पुढे फिरवा.

कापड ताणताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक स्टेपल मारा आणि मग कोपऱ्यांकडे सरका. कोपऱ्यातून सुरुवात केली तर तिरप्या सुरकुत्या पडतात आणि मग निघत नाहीत.

तयार पॅनल चारेक किलोचा होतो. मागे चारही कोपऱ्यांवर ठोकळे लावा, म्हणजे भिंतीपासून ५० मिमी पोकळी राहील. या पोकळीचा खर्च काही नाही, आणि ५० मिमीचा पॅनल तिच्यामुळे खाली साधारण २५० हर्ट्झपर्यंत चांगलं काम करतो. ओल धरणाऱ्या भिंतीवर बुरशीही कमी धरते. छतावरचे पॅनल दोऱ्यांवर किंवा नुसत्या खिळ्यांवर सोडू नका: चार बंद हुक, चार साखळ्या.

मागची भिंत, आणि कुठे थांबायचं

मागच्या भिंतीवर १० सेंमी जाडीचे तीन पॅनल डोक्याच्या उंचीवर लावा. लाकडी ठोकळ्यांचे डिफ्यूजर (आवाज न जिरवता विखुरणारे) दिसायला देखणे असतात; पण डोकं दीड मीटरच्या आत असेल तर त्यांचा आवाज पसरायला जागाच मिळत नाही. छोट्या खोलीत तो पैसा जाडीत घाला.

किती पुरे, याचं उत्तर हार्वर्डचे वॉलेस सॅबिन यांच्या सूत्रात आहे. १८९५ मध्ये त्यांनी तिथल्या एका घुमणाऱ्या व्याख्यान-सभागृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून आणून, ऑर्गनचा सूर थांबल्यावर आवाज किती सेकंद टिकतो ते मोजायला सुरुवात केली. सूत्र असं: आवाज टिकण्याचे सेकंद म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. आपली खोली ३२.४ घनमीटरची, ०.३ सेकंद हवे असतील तर साधारण १७ चौरस मीटर शोषण लागतं. छोट्या खोलीत हे सूत्र ढोबळच धरायचं, बासला तर ते लागूच नाही. सोफा, माणसं, जाड गालिचा, चुण्यांचा पडदा मिळून ८-९ होतं. सहा पॅनल ४.३, दोन भरलेले कोपरे २.९, मागचे तीन २.२. बेरीज जमली. यापुढे पातळ पॅनल वाढवत गेलात तर खोली कोंदट लागायला लागेल; पैसे उरले असतील तर उरलेले कोपरे आणि भिंत-छताची कड भरा.

मोजणी

रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत आहे, सोबत यूएसबीचा मोजणीचा माइक आणि त्याची कॅलिब्रेशन फाइल. माइक कानाच्या उंचीवर, माणूस खोलीच्या बाहेर. पॅनल लावण्याआधी एकदा मोजून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? २० ते ३०० हर्ट्झचा आलेख स्मूदिंग न लावता पाहा, आणि वॉटरफॉलमध्ये (प्रत्येक सूर किती वेळात विरतो ते दाखवणाऱ्या आलेखात) कोणता सूर लांबतो ते पाहा.

इम्पल्स आलेखात (एका ठोक्यानंतर कोणता आवाज केव्हा पोचला ते दाखवणाऱ्या) मुख्य ठोक्यानंतर ५ मिलिसेकंदांनी टोक दिसलं तर तो आवाज १.७ मीटर जास्त फिरून आला आहे. माइक ते स्पीकर अंतर अधिक १.७ मीटर एवढी दोरी घ्या, एक टोक स्पीकरला, दुसरं माइकला, आणि दोरी मधून ताणून फिरवा. ती जिथे टेकेल तिथे गुन्हेगार आहे: कधी उघडी राहिलेली भिंत, कधी कपाटाचं दार.

अॅम्प्लिफायरचं आपोआप कॅलिब्रेशन सगळ्यात शेवटी चालवा. इक्वलायझरनं (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीनं) सुमारे २२० हर्ट्झखालची टोकं कापा; खड्डे भरू नका. ६ डेसिबल वाढवायला चौपट ताकद लागते आणि अनुनादाचा खड्डा तरीही भरत नाही.

मग २० ते १२० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत न्या आणि खोलीभर हात फिरवा. स्विचबोर्डची झाकणं, तसबिरी, खिडकीची सैल काच, फॉल्स सीलिंगमधला दिवा, सगळे एकेक करून बोलायला लागतील. सैल स्क्रू आवळा, तसबिरीच्या मागे नमद्याचे तुकडे चिकटवा, काचेच्या कडेला फोमची पट्टी भरा.