फ्लॅमेंको गिटार वाजवणाऱ्या मुलींसाठी: स्पीड आणि फीलिंग दोन्हीचा रियाज कसा करायचा

मुलगी फ्लॅमेंको (स्पेनमधली गाणं, नाच आणि गिटारची परंपरा) गिटार वाजवते म्हटलं की ऐकणारे दोनच गोष्टी बोलतात. एक तर "बाई असून काय फास्ट वाजवते!" नाहीतर "बायकांच्या हातात फीलिंग असतं हो, स्पीड जाऊ दे." दोन्ही ऐकून सोडून द्या. कारण स्पेनमधल्या मोरोन दे ला फ्रोन्तेराचा गिटारवादक दिएगो देल गास्तोर (१९०८-१९७३) मोजके सूर वाजवायचा, मुख्यतः अंगठ्यानं, आणि लोक त्यासाठीच त्याच्याकडे जायचे. मेल्चोर दे मार्चेनाचंही नाव झालं ते गाण्याच्या साथीतल्या दर्दामुळे. दोघंही पुरुषच. म्हणजे फीलिंग बायकांचं आणि स्पीड पुरुषांचा ही वाटणी कोणीतरी उगाच करून ठेवलीये, आणि आपण ती मान्य करून बसलो तर अर्धा रियाज आपोआपच बुडतो.

माझं म्हणणं एवढंच, की फीलिंग ही रियाजाची गोष्ट आहे, पिकादोसारखीच (पिकादो म्हणजे दोन बोटांनी एकेक सूर फास्ट वाजवणं). कुठे थांबायचं, कुठे वजन टाकायचं, वाक्य कुठे संपवायचं, हे सगळं शिकता येतं.

सुरुवात सोलेआपासून करा, हा फ्लॅमेंकोतला एक संथ प्रकार. १२ मात्रांचं चक्र आहे आणि वजन ३, ६, ८, १०, १२ वर. आपल्याला एकताल माहीत असतो त्यामुळे १२ म्हटलं की हायसं वाटतं, पण गंमत इथेच होते, कारण आपल्याला पहिल्या मात्रेवर सम धरायची सवय आणि इथे १ आणि २ हलक्या जातात, वाक्य १० वर येऊन मिटतं आणि ११-१२ ला सुरांना नुसता श्वास असतो. त्यामुळे पहिले काही दिवस गिटार हातात घेऊच नका. तोंडानं मोजा आणि टाळ्या वाजवा (तिकडे याला पाल्मास म्हणतात आणि ते स्वतंत्र कौशल्य मानलं जातं). भाजी चिरताना, बसमध्ये, कुठेही. मोजताना कोणी मध्येच बोललं तरी चक्र तुटत नाही इथपर्यंत आलात की मग गिटार.

आता ई मेजर आणि एफ, दोनच कॉर्ड. एफ धरताना पूर्ण बारे (एका बोटानं सगळ्या तारा दाबणं) धरू नका, पहिली तार मोकळी सोडा, म्हणजे त्या एफच्या अंगावर ई घासत राहतो आणि तो जो बोचरा आवाज येतो तोच सोलेआचा रंग. ३ वर एफ, १० वर परत ई. मेट्रोनोम ७० च्या आसपास. हे जमलं की खरा व्यायाम: एक चक्र पूर्ण वाजवा, पुढच्या चक्रात फक्त ३ आणि १० वाजवा, बाकी हात तारांवर ठेवून गप्प, पाय चालू. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. जवळजवळ सगळ्यांचा १० लवकर पडतो. शांतता सहन होत नाही म्हणून आपण घाई करतो, आणि "फीलिंग नाही" असं जे लोक म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं. ती रिकामी जागा पूर्ण लांबीची ठेवता आली की त्याच दोन कॉर्डना एकदम वजन येतं, काहीही जास्तीचं न वाजवता.

त्यानंतर एक छोटी फाल्सेता घ्या, म्हणजे दोन कडव्यांच्या मधला गिटारचा तुकडा. ती नुसत्या अंगठ्यानं वाजवा, अंगठा तार छेडून पुढच्या तारेवर टेकला पाहिजे, नुसता हवेत उडवला तर आवाज पातळ येतो. तीच फाल्सेता एकदा ब्रिजजवळ, एकदा साउंडहोलवर वाजवून बघा. कुठला सूर कोरडा हवा आणि कुठला गोल, हे ठरवून वाजवायचं, "आतून येईल तसं" वगैरे नाही.

आणि गाण्याला साथ करा. हे मी शंभरदा सांगेन. पाको दे लुसिया म्हटलं की आपल्याकडे लोकांना जॉन मॅकलॉक्लिन आणि अल दि मेओलासोबतची ती वादळी तिकडी आठवते, पण १९६९ पासून गायक कामारोनसोबत त्याची जी रेकॉर्डिंग्ज आहेत ती ऐका, गायक ओळ म्हणतो तेव्हा तो किती कमी वाजवतो आणि ओळ संपल्याबरोबर कसा उत्तर देतो. हातात एवढा स्पीड असलेला माणूस थांबतोय, हे कानानं पकडणं हाच धडा. गाणारी सोबत नसेल तर रेकॉर्डिंगवर साथ करा: सेहिया (आपला कॅपो) गळ्याप्रमाणे लावायची, ई च्या आकारात वाजवायचं त्याला पोर आरिबा म्हणतात, ए च्या आकारात पोर मेदियो. गाणारीनं नुसतं "चारवर, पोर आरिबा" म्हटलं की तुम्हाला कळलं पाहिजे.

ज्यांना वाटतं की हे सगळं बायका आत्ता आत्ता करायला लागल्या, त्यांच्यासाठी: आनिया ला दे रोंदा (१८५५-१९३३) स्वतःच गिटार वाजवत गायची, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आदेला कूबास स्टेजवर साथीला गिटार घेऊन बसायची. ला सेर्नेता या गायिकेच्या नावाच्या सोलेआच्या चाली आजही गातात. पुढे बायकांनी नाचायचं-गायचं आणि गिटार पुरुषांनी धरायची असं रूढ झालं. आज एल पुएर्तो दे सान्ता मारियाची आन्तोनिया हिमेनेथ आहे, मुर्सियाची मेर्सेदेस लुहान आहे. दोघींना ऐका, आणि ऐकताना बाई वाजवतेय हे डोक्यातून काढून ऐका.

आता स्पीड. तो लागतोच, उगाच साधेपणाचा आव आणू नका. बुलेरियास या फास्ट प्रकारात मात्रा मिनिटाला दोनशेच्या वर सहज जातात, आणि नाचणारी पायांचं काम वाढवत नेते तेव्हा लय ती ठरवते, तुम्हाला मागे राहून चालत नाही. पिकादोसाठी लांबच्या लांब स्केल घासत बसू नका. चार सूर, एकदम जोरात जितके फास्ट जातील तितके, आणि थांबा, हात सैल सोडा, परत चार. ते स्वच्छ आले की सहा, मग आठ. पहिलं आणि मधलं बोट आलटून पालटून, प्रत्येक बोट वरच्या तारेवर टेकून. खांदा वर चढला की त्या दिवसाचा स्पीड संपला असं समजा. रास्गेआदोचं (एकेक बोट झटकून सगळ्या तारांवर फटके मारणं) उलट, तो आधी अगदी हळू, प्रत्येक बोटाचा फटका वेगळा ऐकू येईपर्यंत, कारण फास्टमध्ये बोटं कमी-जास्त पडतात ते कळतच नाही, नुसता खरखराट होतो आणि आपल्याला वाटतं वा काय जमलंय!

हात लहान आहेत ही तक्रार असेल तर पिकादो आणि रास्गेआदो दोन्ही उजव्या हाताचं काम, पंजाच्या लांबीशी त्याचा फारसा संबंध नाही. डाव्या हाताला ताण येत असेल तर सेहिया दोन-तीनवर लावून शिका, तिथे फ्रेट जवळ जवळ असतात. तरीही त्रास होत असेल तर नेहमीच्या ६५० मिमी स्केलऐवजी ६४० किंवा ६३० ची गिटार बघा. दुकानात "लेडीज गिटार" म्हणून काही दाखवायला लागले तर सरळ स्केलचा आकडा विचारायचा.

कार्यक्रमात वाजवताना घरी जो सगळ्यात फास्ट स्पीड येतो त्यापेक्षा चांगलाच कमी धरा, कारण स्टेजवर लय आपोआप चढते. पहिलं चक्र नुसतं कॉर्डचं, म्हणजे पाल्मासवाल्यांना लय मिळते. मग नजर स्वतःच्या बोटांवरून काढून गाणारीच्या तोंडाकडे. फास्ट तुकडा एकच ठेवा, शेवटाकडे, आणि तो बरोबर १० वर बंद करा, "ओले!" ही दाद तिथेच येते. नखं मात्र आदल्या रात्रीच घासून ठेवा, तुटलेलं असेल तर ग्लू लावून, कारण ऐनवेळी पर्समध्ये फाइल कधीच सापडत नाही.